मदत हवी आहे: शेवंतीला एकही कळी नाही

गॅलरीतली_गौरी | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४०
तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत शेवंतीच्या तीन कुंड्या आहेत. झाडं गुडघ्याएवढी, पानं हिरवीगार, पण कळी एक नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, निदान मार्गशीर्षातल्या गुरुवारांना तरी घरची फुलं हवी होती. खतपाणी नीट चालू आहे. "ऊन द्या" सांगू नका, ऊन भरपूर आहे. कृपया लवकर सांगा.

बांधावरचा | रात्री ९:५२
ताई, गाव कोणतं? जात कोणती, पिवळी की पांढरी? काश्या (बुडाशी फुटलेली रोपं) कधी लावल्या? शेवटचे शेंडे कधी खुडले? काहीच लिहिलं नाही तर काय सांगणार.

शून्य_बावन्न | रात्री १०:०५
सोपं आहे. नत्र जास्त झालंय, झाड माजलंय. ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद-पालाश भरपूर असलेलं खत) लिटरला ५ ग्रॅम घेऊन आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या करा. माझ्या झेंडूला दहा दिवसांत कळ्या आल्या होत्या.

देशी_गाय_प्रेमी | रात्री १०:११
झालं, आला पुड्या विकायला. ताई, रसायनांनीच माती मेलीय. जीवामृत द्या. १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, २०० लिटर पाणी.

शून्य_बावन्न | रात्री १०:१४
तिसऱ्या मजल्यावर २०० लिटरचा ड्रम? लिफ्टमधून नेणार का?

मोगरा_मोगरा | रात्री १०:३०
शेवंतीवर काळा मावा येतो. कडुलिंबाचं तेल ५ मिली, त्यात साबणाचे दोन थेंब टाकून पानांच्या खालून फवारा. आणि माझ्या मोगऱ्याची पानं पिवळी पडतायत, कोणी सांगेल का?

गॅलरीतली_गौरी | रात्री १०:४१
मावा नाहीये! कळी नाहीये! पुणे. पिवळी, छोट्या फुलांची. काश्या साताऱ्याच्या बहिणीकडून मे महिन्यात आणल्या. शेंडे जुलैत आणि ऑगस्टमध्ये खुडले. खत १९:१९:१९, दर रविवारी. बहिणीची झाडं त्याच काश्यांची, ती दिवाळीपासून फुलांनी वाकलीत. म्हणून तर जास्त राग येतोय.

शून्य_बावन्न | रात्री १०:४४
दर रविवारी १९:१९:१९! सांगितलं ना मी, नत्र.

निवृत्त_वनस्पतीवाला | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:२०
नत्र जास्त झालं तर बहर लांबेल, फुलं कमी येतील. पण तिन्ही झाडांवर एकसुद्धा कळी नाही, म्हणजे झाडाला अजून फुलायची वेळ झाली असं वाटलेलंच नाही. एकच विचारतो, कुंड्या जिथे आहेत तिथे रात्री उजेड असतो का?

गॅलरीतली_गौरी | सकाळी ८:१५
रात्रीचा काय संबंध? सोसायटीने जूनमध्ये पार्किंगला पांढरा फोकस लावलाय, तो गॅलरीत येतो. पहाटेपर्यंत चालू असतो. त्यात ऊन थोडंच असतं?

निवृत्त_वनस्पतीवाला | सकाळी ८:३२
तिथे रात्री पेपर वाचता येतो का?

गॅलरीतली_गौरी | सकाळी ८:३५
सासरे रोज तिथेच वाचतात.

निवृत्त_वनस्पतीवाला | सकाळी ९:१०
मग बोलायलाच नको. शेवंती लहान दिवसाचं झाड, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारं. खरं तर लांब रात्रीचं म्हणायला हवं, कारण ते अंधार मोजतं. हॅमनर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी १९३८ साली झँथियमवर (आपल्याकडे बांधाला माजतं ना, काटेरी बोंडं कपड्यांना चिकटतात ते) प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं उजेड दाखवला तर झाड फुलायचंच नाही. दिवसात मध्येच अंधार केला तर त्याला काही फरक पडत नव्हता.

पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तांबड्या प्रकाशाने ते कार्यरत होतं, त्यावरूनच झाडाला दिवस की रात्र ते कळतं. पुण्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या जवळ जातो, डिसेंबरचा अकराच्या आसपास येतो. रात्र अशी वाढत गेली की शेवंतीची पानं फ्लोरिजेन हे प्रथिन बनवतात. ते रसवाहिनीतून शेंड्यापर्यंत जातं आणि शेंडा पानं काढायचं थांबवून कळी धरतो. मध्ये उजेड पडला की उलटा कारभार. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये शेवंतीतच दाखवलं की अशा वेळी पान अँटिफ्लोरिजेन बनवतं आणि ते शेंड्याला थोपवून धरतं. तुमच्या झाडांसाठी जूनपासून रात्र झालेलीच नाही.

देशी_गाय_प्रेमी | सकाळी ९:४०
सर, एवढ्याशा फोकसने काय होतंय? मग पौर्णिमेला शेवंती फुलायची थांबते का?

निवृत्त_वनस्पतीवाला | सकाळी ९:५५
चांगला प्रश्न. पौर्णिमेचं चांदणं एका लक्सच्याही (उजेड मोजायचं एकक) आतलं, फार तर पाव-अर्धा. पेपर वाचता येईल असा फोकस त्याच्या कितीतरी पट. फोटोसिंथेसिसला तो काहीच नाही, पण इथे प्रकाश अन्नासाठी नाही, निरोपासाठी आहे.

बांधावरचा | सकाळी १०:२०
सर बरोबर बोलतायत. आमच्या भागात पॉलिहाउसवाले हेच मुद्दाम करतात. दांडे उंच होईपर्यंत मध्यरात्री दोन-चार तास बल्ब, कळी धरू देत नाहीत. मग बल्ब बंद करून काळा कपडा ओढायचा. तुमच्या सोसायटीने अर्धं काम फुकट केलंय.

रोपवाटिका_रसिक | सकाळी ११:०२
थांबा, सांगोल्यात आमच्या पाहुण्यांनी ड्रॅगन फ्रूटला रात्री बल्ब लावलेत, ते फुलं *येण्यासाठी*. मग हे कसं?

बांधावरचा | सकाळी ११:०९
ते उलट्या स्वभावाचं झाड. उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या लांब दिवसात फुलतं, म्हणून हिवाळ्यात बल्ब लावून त्याला फसवायचं. खर्च विचारा पाहुण्यांना, वीजबिल बघून गप्प बसतील.

रोपवाटिका_रसिक | सकाळी ११:१५
वीजबिलाचं नाव काढू नका. आमच्याकडे रात्रीच तीन फेजचा नंबर असतो, पाणी धरायला दीडला उठतो... (अवांतर झालं, माफ करा.)

गॅलरीतली_गौरी | दुपारी १२:३०
करायचं काय ते सांगा. कुंड्या आत आणू का?

मोगरा_मोगरा | दुपारी १२:४१
आत आणा आणि रात्री लाल झिरोचा बल्ब ठेवा. लाल उजेड सौम्य असतो.

निवृत्त_वनस्पतीवाला | दुपारी १:०५
लाल अजिबात नको! फायटोक्रोमला सगळ्यात जास्त तोच कळतो.

गौरीताई, रात्री दिवा लागणाऱ्या खोलीत आणून उपयोग नाही. संध्याकाळी सहाला मोठं खोकं उपडं घाला, सकाळी सातला काढा, म्हणजे तेरा तास अंधार. उन्हं असताना झाकू नका, आत उकाडा होतो. एकही रात्र चुकवू नका. खुडणं बंद, नत्र कमी. झाकताना पानं झाकली गेली पाहिजेत, नुसते शेंडे नव्हे. चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे दाखवलं होतं: खालच्या पानांना लहान दिवस दिला, तर पानं काढून टाकलेला वरचा भाग लांब दिवसातही फुलला. उलटं करून पाहिलं तेव्हा फुलं आली नाहीत. फ्लोरिजेन हे नाव त्याचंच.

शून्य_बावन्न | दुपारी १:२०
मानलं सर. तरी खोक्याबरोबर ०:५२:३४ ची एक फवारणी करून टाका, तोटा नाही.

गॅलरीतली_गौरी | १९ डिसेंबर, रात्री ८:५०
धागा वर काढतेय. वॉशिंग मशीनच्या खोक्यात दोनच कुंड्या मावल्या. तिसरी तशीच राहिली, फोकसखाली. आज दोन्ही झाकलेल्या झाडांवर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या, मोजल्या, सतरा. तिसरीवर अजून नुसती पानं. फवारणी केली नाही (सॉरी शून्य बावन्न). आता झाकणं थांबवू का? सासरे रोज विचारतात, खोकं कधी हलणार, त्यांच्या खुर्चीची जागा गेलीय.

बांधावरचा | रात्री ९:०४
नका थांबवू ताई. कळीला रंग दिसेपर्यंत झाका, मध्येच सोडलं तर कळी तिथेच अडकते. फुलं जानेवारीच्या अखेरीस धरा. मार्गशीर्ष गेला, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवात रथसप्तमीपर्यंत कामाला येतील. तिसऱ्या कुंडीला दुसरं खोकं शोधा.

गॅलरीतली_गौरी | रात्री ९:१२
शोधते. फोकसला आडोसा लावा म्हणून सोसायटीला अर्जही दिलाय. सेक्रेटरी म्हणाले, झाडाला उजेडाचा त्रास होतो असा कुठल्या कार्यालयाचा दाखला आहे का.

मोगरा_मोगरा | रात्री ९:३०
माझा मोगरा पूर्ण पिवळा झाला. कोणी बघतंय का?

बांधावरचा | रात्री ९:३३
कुंडीखाली भोक आहे का? पाणी किती घालता? गाव कोणतं?