समुद्री पाणमांजरं परत सोडली की केल्पचं जंगल परत येतंच का?

गलबत:
पाणमांजर सी अर्चिन (समुद्रतळावरचा काटेरी गोल जीव) खातं, अर्चिन घटले की केल्प (समुद्रातलं उंच वाढणारं शेवाळ) वाढतो, इथवर कळलं. मग कॅलिफोर्नियात मॉन्टेरीला पाणमांजरं असूनही अर्चिनांनी उजाड केलेले खडक का दिसतात? आणि जिथून ती नाहीशी झाली तिथे आणून सोडली की भागतं का?

ओहोटी:
२०१३ पासून तिथले सूर्यफूल तारामासे रोगाने मेले. तेही अर्चिन खाणारेच. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला. वाहत येणारे केल्पचे तुकडे मिळेनासे झाले, तसे एरवी कपारीत बसून राहणारे जांभळे अर्चिन बाहेर पडून उभा केल्पच चरू लागले. सगळं संपलं तरी ते मरत नाहीत. वर्षानुवर्षं उपाशी तगतात, फक्त आतली गाबोळी सुकते. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो, त्याला रोज वजनाच्या साधारण पाव हिस्सा खावं लागतं. असले पोकळ अर्चिन फोडत बसणं त्याला परवडत नाही. ते शिल्लक केल्पमधले भरलेले अर्चिन खातं. त्यामुळे उरलेलं जंगल टिकतं, उजाड पट्टा मात्र उजाडच राहतो. तिथे पाणबुडे उतरवून अर्चिन चौरस मीटरला दोनपर्यंत खाली आणावे लागतात. अर्धवट काढून उपयोग नाही, कारण कोवळा अंकुर संपवायला थोडे अर्चिनही पुरतात.

शिंपला:
सोडण्याबद्दल. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाजवळ १९६९ ते १९७२ मध्ये ८९ सोडली, ती फोफावली. अमेरिकेतल्या ऑरेगनला त्याच सुमारास ९३ सोडली, दहाएक वर्षांत एकही उरलं नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर १९८७ पासून १४० नेली, त्यातली बहुतेक निघून गेली. काही तर पोहत थेट पकडलेल्या जागी परतली. तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पूर्ण वाढलेल्या जनावरांची मूळ जागेची ओढ सुटत नाही.

वाहतुकीत घात होतो तो केसांचा. पिंजऱ्यात विष्ठा आणि खाण्याचा चिकटा लागला की दाट केसांत हवा धरली जात नाही, आणि पाण्यात सोडल्यावर जनावर गारठून मरतं. उलट कोरड्या पिंजऱ्यात ते तापतं. म्हणून गारवा ठेवायचा आणि सोडण्याआधी स्वच्छ समुद्रपाण्याच्या कुंडात अंग चाटून-चोळून साफ करू द्यायचं. अनाथ पिल्लं मत्स्यालयातल्या मादीकडून वाढवून सोडणं हा मार्ग मॉन्टेरीजवळच्या एल्कहॉर्न स्लू खाडीत चांगला चालला.

गलबत:
पाणमांजरं आमचा माल खाऊन टाकतात ही मासेमारांची तक्रार खरी आहे का?

ओहोटी:
खरी आहे. खेकडे, अबॅलोनी (एक प्रकारचे शिंपले), समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) हेही पाणमांजरांचंच खाद्य. आग्नेय अलास्कात १९६०च्या दशकात चारेकशे सोडली होती, आता हजारो आहेत, आणि पाणबुडे काढतात ती समुद्रकाकडी काही ठिकाणी संपली. हे सोडण्याआधीच बोलून घ्यावं.

शिंपला:
एल्कहॉर्नला मात्र खेकडे खाल्ल्याचाच फायदा झाला. खेकडे घटले, त्यांच्या तोंडून वाचलेले छोटे चरणारे जीव वाढले, आणि त्यांनी समुद्री गवताच्या पानांवरचं शेवाळ साफ केलं. तिथे अर्चिनचा संबंधच नाही, त्यामुळे केल्पचा हिशेब तिथे लावू नका.