मदत हवी आहे : हळदीच्या कागदाने क्षारपड माती ओळखता येईल का?

नमस्कार. मी नववीत आहे, गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. विज्ञान प्रदर्शनासाठी घरच्या हळदीची सूचकपट्टी बनवलीय. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला की पिवळा कागद विटकरी लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. पुस्तकात हे आधीच वाचलं होतं, पण बोटं पिवळी झाली तेव्हा खरं समजलं.

अडचण पुढे आली. आमच्या उसाच्या खालच्या पट्टीत पांढरे क्षार फुटलेत, तिथं ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. ती माती पाण्यात ढवळून, फडक्यातून गाळून थेंब टाकला, तर कागद पिवळाच! आजोबांनी आणलेल्या चोपण (सोडियम साठून घट्ट, अल्कधर्मी झालेल्या) मातीच्या ढेकळाच्या पाण्याने मात्र तो लालसर झाला. मला वाटतं, हळद फक्त अल्कता दाखवते, क्षार किती ते नाही. क्षारयुक्त जमिनीचा सामू (pH) ८.५ च्या आतही असतो ना?

क्षार जास्त तर पाण्यातून वीजही जास्त वाहते, मग क्षारांसाठी ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि पेन्सिलीची दोन शिसं पाण्यात बुडवून उजेडाची तुलना करू का? माती आणि पाण्याचं प्रमाण किती ठेवू? विहिरीचं पाणी चालेल, की डिस्टिल्डच हवं? कुणी माती परीक्षण केलं असेल तर कृपया सांगा.