उडते ती त्रेधा

'त्रेधा उडाली' असं आपण सहज म्हणतो, पण उडायच्या आधी ही त्रेधा बसलेली असते कुठे? शब्द सरळ संस्कृतातला आहे आणि मूळ अर्थात गोंधळाचा मागमूसही नाही. त्रेधा म्हणजे तीन प्रकारे, तीन ठिकाणी. ऋग्वेदात विष्णूच्या पावलांची ऋचा आहे: 'इदं विष्णुर्वि चक्रमे त्रेधा नि दधे पदम्'. तिथे विष्णू तीनदा पाऊल टाकतो, पण त्याची धांदल काही होत नाही.

संख्येला 'धा' लावला की 'इतक्या प्रकारे' हा अर्थ येतो: द्विधा, त्रिधा, चतुर्धा, शतधा. दोन आणि तीन यांच्यासाठी पाणिनीने आणखी एक सोय केली, 'एधाच्च' हे सूत्र: 'धा'ऐवजी 'एधा'ही चालेल. त्यातून द्वेधा, त्रेधा. म्हणजे त्रिधा आणि त्रेधा सख्ख्या बहिणी. एक पोथीत राहिली, दुसरी आपल्या घरात येऊन नांदली.

गंमत व्याकरणात आहे. मुळात ही सगळी क्रियाविशेषणं. मराठीत 'बहुधा' तशीच राहिली, पण 'अनेक प्रकारे' सोडून 'कदाचित, बहुतेक' म्हणू लागली. 'द्विधा' विशेषणासारखी मनःस्थितीला चिकटली. आणि त्रेधा? ती चक्क स्त्रीलिंगी नाम झाली. नाम झाली तरी क्रियापद एकच धरून बसली. उडते नाहीतर उडवतात. 'माझी त्रेधा आहे' असं कुणी म्हणत नाही. गाळण, भंबेरी, दाणादाण यांच्याच पंगतीतली ही.

अर्थ कसा सरकला असेल, ते बघायला संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला उभं राहावं. एकीकडून केएमटीची सिटी बस, दुसरीकडून रिक्षा, तिसरीकडून उलटा घुसलेला मोटरसायकलवाला, आणि मधोमध भाजीची पिशवी घेतलेल्या मावशी. पाऊल पुढं टाकतात, मागं घेतात, पुन्हा पुढं. पलीकडं पोचल्यावर म्हणतात, 'लई त्रेधा उडाली बघ!' लक्ष तीन बाजूंना फाटलं की माणसाचं हेच होतं. (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, कोकणातला तिठा. जुन्या मराठीत मात्र गुन्हेगाराला बांधून फटके मारायची चौकटही तिकटीच.)

तसाही बोलीतल्या तिनाला आपण फारसं बरं बोलत नाही. त्रिमूर्ती, त्रिवेणी देवळापुरती. घरात 'तीन तिघाडा काम बिघाडा' आणि कामाचे तीनतेरा.

'तारांबळ'चीही कुळकथा अशीच सांगतात: मंगलाष्टकांनंतरच्या 'ताराबलं चंद्रबलं तदेव' मधून ती आली म्हणे. अक्षता, हार, वाजंत्री, सगळ्यांची घाई नेमकी त्याच क्षणी! व्युत्पत्ती पटो न पटो, मांडवातली ती पळापळ मात्र सगळ्यांनी पाहिलेली आहे.

वापराबद्दल माझा एक आग्रह. त्रेधा, किंवा जोड देऊन त्रेधातिरपीट, हा हलका शब्द आहे. नंतर हसून सांगता येईल अशा फजितीचा. पाहुणे न सांगता आले, पाऊस आला आणि वाळवण गच्चीवर होतं, तिथे तो शोभतो. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांची 'त्रेधा उडाली' असं लिहू नये. त्यांचे हाल झाले.