मदत हवी आहे: डोंगरातल्या थंडीत राजमा कसा शिजवू?

नमस्कार मंडळी. परदेशात शिकायला येऊन मला वर्ष झालं. ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही चौघी तीन दिवस डोंगरातल्या एका लाकडी घरात राहायला जातोय. पानगळ बघायची, दिवसभर भटकायचं आणि संध्याकाळी गरमागरम काहीतरी ओरपायचं, असा बेत. स्वयंपाक माझ्याकडे. (हौस मीच दाखवली, आता निस्तरते.)

घर साधारण 1500 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे कडधान्यं शिजायला वेळ लागणार. प्रेशर कुकर नाही. एक शेगडी आणि एक स्लो कुकर. मैत्रीण म्हणते, भिजवलेला राजमा सकाळी थेट स्लो कुकरमध्ये टाकू आणि फिरायला निघू. मला धास्ती वाटते. कच्च्या राजम्यातला विषारी घटक मंद आचेवर जात नाही. भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळावा लागतो, एवढं माहीत आहे. पण त्या उंचीवर किती वेळ धरू? अर्धा तास पुरेल?

की इथूनच शिजवून, गोठवून न्यावा? प्रवास पाच तासांचा आहे. डबाबंद राजमा सोपा, पण वजन कोण उचलणार! मसूर न भिजवताही शिजते, पण तिन्ही रात्री मसूर नको.

शिवाय लाल भोपळ्याचं सूप क्रीमशिवाय दाट कसं करता? मी बटाटा घालते, ते चिकट होतं.

निघायला आठच दिवस आहेत.