रूट कॅनलनंतर दाढ उंच लागतेय, कॅप बसवायलाच हवी का?

परवा खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं, वर फिलिंग केलंय. भूल होती तेव्हा चावून बघितलं तर सगळं नीट वाटलं पण घरी येऊन भाकरीचा घास घेतला तर तीच दाढ आधी टेकते आणि कळ थेट कानापर्यंत. डॉक्टर कॅप बसवा म्हणतायत, नुसत्या फिलिंगवर भागणार नाही का?

— भूल असताना चावण्याचा अंदाज येत नाही हो, म्हणून उंची राहते. परत जा, निळा कागद दातात धरून चावायला लावतात, ठिपका उमटतो तिथेच घासतात, ५ मिनिटांचं काम. अंगावर काढू नका, रोज दाब पडून दाढ आणखी ठणकते.

— कॅप टाळू नका, कळकळीने सांगतेय. आईने वर्षभर तशीच ठेवली, फुटाणे खाताना दाढ उभी चिरली, शेवटी काढावीच लागली. झिरकोनियाची (पांढऱ्या, कडक सिरॅमिकची) कॅप महाग पडत असेल तर धातूवर सिरॅमिकची विचारा. दाढेच्या भिंती शाबूत असतील तर ऑनलेपण (पूर्ण कॅपऐवजी फक्त वरचा भाग झाकणारं आवरण) चालतं, दाढ कमी घासावी लागते.

— आज जाऊन आलो, घासल्यावर लगेच फरक पडला. ऑनलेचं विचारलं तर एक भिंत पातळ आहे म्हणाले, त्यामुळे कॅपच करतोय. तोपर्यंत डावीकडूनच जेवतोय.