मदत हवी आहे: ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप, कायमचं नेणारी सोय) न लावता जुनी पानं स्वतःच्या डोमेनवर कशी न्यायची?

हाताने छापलेल्या कार्डांचं दुकान एका वेबसाइट-सेवेच्या फुकट सबडोमेनवर (सेवेच्याच नावाखालच्या पत्त्यावर) होतं. पत्ता आपल्या मालकीचा हवा, सेवा बदलली तरी ग्राहकांकडचे दुवे तुटायला नकोत, म्हणून डोमेन घेऊन वर्डप्रेसवर साइट उभी केली. जुन्या सेवेत ३०१ रिडायरेक्ट नाही, पानाच्या हेडमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या भागात) कोडही घालता येत नाही, त्यामुळे कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांपैकी मुख्य कोणतं हे गूगलला सांगणारी खूण) बाद. प्रत्येक जुन्या पानावर नव्या पानाचा दुवा दिलाय, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नव्या साइटचा साइटमॅपही (पानांची यादी) दिलाय. तरी मजकूर सारखाच असल्याने गूगल जुनंच पान दाखवतं. विकलेल्या कार्डांच्या मागे जुन्या पत्त्याचा क्यूआर छापलाय, त्यामुळे खातं बंद करणं शक्य नाही. अशा वेळी जुन्या पानांवर फक्त दोन ओळी आणि दुवा ठेवावा, की पानं काढून फक्त मुखपृष्ठ ठेवावं?