तानपुऱ्याची फायबरची केस तडकली आहे, दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. माझा मिरजेचा तानपुरा प्रवासात फायबरच्या केसमध्ये असतो. अलीकडे बसमधून सामान उतरवताना ती केस खाली पडली. वाद्य शाबूत दिसते, परंतु केसला भोपळ्याच्या बाजूने वीतभर भेग गेली आहे, दोन बिजागऱ्यांचे रिव्हेट उपसून निघाले आहेत आणि आतील जुन्या स्पंजचा भुगा होऊन तो पॉलिशला चिकटतो आहे. ही केस याच वाद्याच्या मापाने करून घेतलेली असल्यामुळे ती टाकून देण्याची इच्छा नाही. भेगेवर एम-सील लावले तर पुरेल का?

उत्तर १

एम-सील पुरणार नाही. केस उचलताना तिचे कवच किंचित वाकते आणि एम-सील मात्र वाकत नाही, त्यामुळे ते काही दिवसांत सुटून येते. भेग आतल्या बाजूने फायबर मॅट (काचतंतूंचे कापड) आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) यांनीच सांधावी लागेल.

प्रथम भेगेच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. त्यानंतर आतील स्पंज व त्याचा जुना गोंद पूर्ण खरवडून, भेगेच्या दोन्ही अंगांना चार-पाच सेंटिमीटरपर्यंतचा भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करावा आणि अ‍ॅसिटोनने पुसावा, कारण गुळगुळीत किंवा तेलकट पृष्ठभागावर रेझिन धरत नाही. मॅटचे दोन-तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा कापून, ब्रशने दाबत बसवावेत. थरांत हवेचे बुडबुडे राहिले तर तेथेच पुन्हा तडा जातो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेझिनसोबत कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात, त्या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यातून भडका किंवा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा आणि हार्डनर अगदी शेवटी, वजनाच्या एक ते दोन टक्के, घालावा. काम मोकळ्या हवेत, हातमोजे व मास्क वापरून करावे. हे जमण्यासारखे नसेल तर दुचाकीचे फायबरचे भाग सांधणारा कारागीर हेच काम करून देतो.

बिजागऱ्यांची मोठी झालेली छिद्रे याच पद्धतीने बुजवून नव्याने पाडावीत आणि रिव्हेटला आतून रुंद वॉशर द्यावा.

उत्तर २

वरील पद्धत योग्य आहे, मात्र माझ्या मते भेगेपेक्षा आतील आधार अधिक महत्त्वाचा आहे. पंढरपूरच्या परिसरातून येणारे भोपळे एकासारखे एक नसतात आणि भोपळा फुटला तर त्याच घेराचा, त्याच जाडीचा दुसरा जुळवणे फार कठीण असते. म्हणून वाद्याचा भार केवळ भोपळ्याच्या तळावर न ठेवता गळ्याखाली आणि दांडीखालीही विभागला जाईल असा घट्ट फोम बसवावा, त्यावर सुती मखमल लावावी, आणि घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, झाकणाचा कोणताही दाब येऊ देऊ नये. हे तपासण्यासाठी मऊ कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घोडीवर ठेवावा आणि झाकण हलक्या हाताने मिटून उघडावे. कणीक बोटभर जाडीपेक्षा चपटी झाली असेल, तर घोडीच्या वरचा फोम तेवढा कमी करावा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रेझिन वाळल्यावर लगेच वाद्य आत ठेवता येईल का?

उत्तर १

नाही. रेझिन एका दिवसात कडक झाले तरी त्याचा उग्र वास आत कोंडून राहतो, आणि फोम चिकटवण्याच्या गोंदाचाही राहतो. हे वास पॉलिशला चांगले नाहीत. केस उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर लागला तरी, थांबावे. पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, तेव्हा कोरडा दिवस पाहूनच काम करावे. दरम्यान भोपळ्यावर, विशेषतः गळ्याच्या सांध्याजवळ, तिरपा प्रकाश टाकून केसासारखी बारीक चीर नाही ना, हे पाहून घ्यावे. चीर आढळल्यास तारा सैल करून वाद्य थेट मिरजेच्या कारागिराकडे न्यावे.